ह्यांची गाणी

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा घरात माणसं तीन आणि खोल्या दीड. अर्धी खोली म्हणजे स्वयंपाकाची जागा. तिथं मोरी, स्टोव्ह आणि पाण्याची दोन पिंपं. पुढच्या खोलीत माझे मिस्टर, सासूबाई आणि मी. सासूला मी आत्या म्हणायचे. पडल्यापासून आत्यांचा उजवा पाय अधू झाला होता. खाटेवरून त्या फक्त मोरीपर्यंत जायच्या. खाट दाराशीच होती, त्यामुळे घरातला एकही शब्द त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय राहायचा नाही.

हे एका कारखान्यात लेथवर होते. मी घरी परकर शिवायचे. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडून कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे. वर नाडीसाठी नेफा घालायचा, खाली झालर लावायची, पुन्हा गठ्ठा बांधून द्यायचा. काम एकसारखं होतं, डोक्याला त्यात काही करायचं नव्हतं. पण माझं डोकं गप्प बसायचं नाही. माझे वडील वांगणीकडे एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांनी मला पेटी शिकवली, पण कार्यक्रमाला कधी नेलं नाही. "घरात वाजव," म्हणायचे. चालींचा नाद मला तिथूनच लागला. मशीन चालू झाली की शब्द आपोआप यायचे आणि त्या खडखडीवर बसायचे. पण परकर खाली उतरेपर्यंत ओळ विसरलेली असायची. दोन्ही हात कापडात, वही कुठल्या हातानं घेणार?

मग ह्यांनी बोनसमधून टू-इन-वन आणला. रेडिओ आणि कॅसेट एकत्र. त्याचं लाल बटण आणि शेजारचं प्लेचं बटण एकदम दाबलं की आवाज भरला जायचा. हे कामावर गेले की मी मशीन थांबवून दोन-दोन ओळी त्यात म्हणून ठेवायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही दुसरीच कोणी बाई आहे. आवाज बारीक, नाकातला. लाज वाटली. तरी तीन-चार वेळा ऐकलं.

खाटेवरून आत्या म्हणाल्या, "काय लावलंयस?"

"काही नाही आत्या. आठवलं ते म्हटलं."

"म्हण की. मी कुठं नको म्हणते?"

हे आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत कोरसला बसायचे. एप्रिलमधल्या जयंतीला आणि वैशाखातल्या पौर्णिमेला पार्टीचे कार्यक्रम असायचे. ह्यांचा आवाज भरदार होता, सुरात होता, पण दोन शब्द जुळवायला सांगितले तर ह्यांना घाम फुटायचा. एका वर्षी पार्टीसाठी गाणी लिहिणाऱ्या गृहस्थांची नाशिकला बदली झाली. जयंती तीन आठवड्यांवर आली आणि नवीन गाणं एकही नाही. हे तोंड पाडून घरी आले, जेवले नाहीत.

"जुनीच म्हणा," मी म्हटलं.

"जुनी म्हणायला आम्ही काय रेकॉर्ड आहोत? बाजूच्या वस्तीची पार्टी चार नवीन घेऊन बसलीय."

मी टेप लावला. माझाच आवाज आला:

*पाटी कोरी, पेन्सिल कोरी, कोरं नाही कपाळ,*
*माझ्या लेकीनं अक्षरांत पाहिली पहिली सकाळ.*

हे ताटावरून उठून टेपजवळ येऊन बसले. "कुठलं आहे हे?"

"आपलंच."

"आपलं म्हणजे?"

"म्हणजे मी केलंय."

त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. मग एकदम हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "उद्या पार्टीत सांगतो. आमच्या घरातच कवी निघाला म्हणून."

पुढचं वाक्य मी बोलले. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मी म्हटलं, "माझं नाव नका सांगू. तुमचंच सांगा."

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मागच्या चाळीतली एक बाई माईकवर गायली होती. चांगली गायली. त्यानंतर महिनाभर नळावर तिच्यावरून काय काय बोलणं झालं, ते मी ऐकलं होतं. ऐकून हसलेही होते. नव्या सुनेला सगळ्यांबरोबर हसावं लागतं, असं तेव्हा वाटायचं. आता आपल्यावर तशी पाळी नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे थोडा वेळ नाही म्हणाले, मग हो म्हणाले.

त्या जयंतीला पाटीचं गाणं तीनदा म्हणायला लावलं. मी बायकांच्या बाजूला चटईवर बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरी एवढा कवी, आणि आम्हाला पत्ताच नाही!" मी हसले. मला खरंच आनंद झाला होता. माझे शब्द शंभर-दोनशे माणसं एकदम म्हणत होती. नाव कुणाचं का असेना, असं मला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या वर्षापासून गाणं करणं हेही एक कामच होऊन बसलं.

कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आसपासची यंत्रं बंद, भोंगे बंद, म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी. पार्टीला चाल कळावी यासाठी गाणं कॅसेटमध्ये भरून द्यावं लागायचं, आणि ते ह्यांच्या आवाजात. आम्ही खिडकी लावायचो, दार लावायचो, फटीत परकराच्या चिंध्या कोंबायचो. पंख्याची घरघर टेपमध्ये यायची, म्हणून पंखा बंद. मार्च-एप्रिलमधला उकाडा, वर पत्रा. आत्या तोंडावर पदर धरून पडायच्या, खोकला आला तर आधी हात वर करायच्या, म्हणजे आम्ही टेप थांबवायचो. मी उलट्या पातेल्यावर ठेका धरायचे. आधी ओळ मी म्हणायची, मग ह्यांनी. ह्यांना चाल चढायला वेळ लागायचा. घामानं कागद हाताला चिकटायचा. एक गाणं भरून होईपर्यंत दुपार जायची.

कॅसेट पार्टीकडे जायच्या आधी माझा आवाज पुसायचा असायचा. मी शिकवताना म्हटलेलं जे जे भरलं गेलं असेल, त्यावर ह्यांनी पुन्हा म्हणायचं किंवा नुसती शांतता भरायची. एकदा दोन गाण्यांच्या मधे माझी अर्धी ओळ राहून गेली. ढोलकीवाल्यानं विचारलं, "ही बाई कोण रे?"

हे म्हणाले, "रेडिओवरचं राहिलं असेल."

घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं, हसत हसत. मीही हसले. पण त्यानंतर कॅसेट देण्याआधी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला लागले. आपण कुठं उरलो तर नाही ना, ते बघायला.

मुलगी झाली, तिचं बारसं झालं, ती चालायला लागली. ह्यांना आता लोक 'कविराज' म्हणत होते. कारखान्यातल्या कुणाच्या निवृत्तीला चार ओळी हव्यात, कुणाच्या लग्नात मंगलगीत हवं, कुणाची आई गेली तर पुण्यानुमोदनाला काही हवं. हे 'हो' म्हणून यायचे. नाही म्हणता येत नव्हतं त्यांना. कवीला चार ओळी मागितल्या तर तो नाही कसं म्हणणार? घरात शिरतानाच चपला काढत म्हणायचे, "अगं, रविवारपर्यंत एक पाहिजे."

एकदा शेजारणी आत्यांजवळ बसल्या होत्या. आत्या त्यांना सांगत होत्या, "लहानपणापासूनच होतं त्याच्यात. शाळेतून यायचा तो गाणी जुळवतच." मी आत भाकरी थापत होते. शेजारणी गेल्यावर मी बाहेर आले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

आत्या म्हणाल्या, "काय बघतेस? मला काय कान नाहीत? रोज ऐकते मी तुला."

"मग असं का सांगता?"

त्यांनी पाय हातानं उचलून सरळ केला. "तुझं नाव झालं तर लोक तुला काय, वा वा म्हणतील. त्याला काय म्हणतील, ते सांग. बायकोचं घेऊन मिरवला म्हणतील. त्याला मग या वस्तीत राहता येईल का?"

त्या खोटं बोलत होत्या, पण सांगत होत्या ते खरं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा पार्टीनं कॅसेट काढायचं ठरवलं. उल्हासनगरात एका सिंधी गृहस्थाचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली होती. मधे काच. ह्यांनी मला बरोबर नेलं. पार्टीला सांगितलं, माझं अक्षर वाईट, वही हिनं लिहिलीय, तिला वाचता येते. मी काचेच्या अलीकडे त्या दुकानदाराशेजारी स्टुलावर बसले.

तिसऱ्या गाण्याला दुकानदारांनी हात वर केला. "कविराज, ये अंतरा लंबा हो रहा है. दो लाइन काटो."

हे काचेपलीकडून माझ्याकडे बघायला लागले.

"घर जाके देखता हूँ," ह्यांनी सांगितलं.

"घर जाके? दो लाइन के लिए? लिखा आपने है ना?"

पार्टीतले सगळे ह्यांच्याकडे बघत होते. मी वही उघडली, पेन्सिलीनं दोन ओळींवर रेघ मारली, वरच्या ओळीतला एक शब्द बदलला म्हणजे खालची नीट जुळेल, आणि वही आत पाठवली. हे म्हणाले, "हां, हां, ह्या दोन काढायच्या होत्या." गाणं झालं. त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, यंत्राची बटणं बघत राहिले.

सगळं आटोपल्यावर पार्टीची मंडळी बाहेर चहाला गेली. ते गृहस्थ कागद घेऊन बसले. "भाभी, कव्हर छपने जाएगा. गीत और संगीत, किसका नाम डालूँ?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. हे बाहेर हसत होते, ऐकू येत होतं.

"ह्यांचंच," मी म्हटलं.

"पक्का?"

"हो. पक्कं."

त्यांनी लिहून घेतलं. कव्हरवर ह्यांचा फोटो आला, कोट घातलेला. कोट शेजाऱ्यांचा होता.

त्यानंतर बदलापूरचा कार्यक्रम झाला. हेंद्रेपाड्याच्या बाजूला मांडव घातला होता. रविवारची दुपार, चारची वेळ. दोन पार्ट्या समोरासमोर. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं गाण्यातून जवाब द्यायचा. ह्यांना वाटलं होतं की दोन्हीकडून बसवलेली गाणीच होतील. पण समोरचा गायक तरुण होता आणि तयारीचा होता. त्यानं थेट ह्यांच्याकडे हात केला:

*कुलूप नाही, कडी नाही, तरी बंद हे दार कसलं?*

पेटीवाल्यानं ओळ उचलली. कोरसनं ती दोनदा म्हटली. ह्यांनी माईक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला. पेटीवाल्यानं पुन्हा ओळ वाजवली. मी बायकांमध्ये बाराव्या-तेराव्या रांगेत बसले होते, मांडीवर मुलगी होती. पेटीनं दुसऱ्यांदा ओळ म्हणेपर्यंत जवाब माझ्या तोंडात तयार होता, चालीसकट: *मनाआतून माणसानं लावलं, गड्या, दार तसलं.* तेवढी एक ओळ. ती मी इथून म्हणू शकत नव्हते आणि ते तिथून म्हणू शकत नव्हते. लोक आधी टाळ्यांनी ठेका देत होते, मग तोही थांबला. कुणीतरी शिट्टी मारली. ह्यांनी घशाला हात लावून दाखवला, घसा बसलाय म्हणून, आणि ते खाली बसले. भरदार आवाजाचा माणूस.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. मुलगी ह्यांच्या खांद्यावर झोपली होती. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुला सुचलं होतं का?"

"हो."

"काय होतं?"

मी म्हटलं, "आता विसरले."

मी विसरले नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापासून ठेवलेली ती पहिली ओळ. का ठेवली, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाईट वाटत होतं आणि तरी मी ती दिली नाही.

त्यानंतर ह्यांनी दोनशे पानी वही आणली. "सवाल कुठलाही येऊ दे," म्हणाले, "जवाब तयार पाहिजे. तू लिही, मी पाठ करतो." पाण्यावर जवाब, शाळेवर जवाब, आईवर, शेतावर, गिरणीवर. दर शुक्रवारी खिडकी लावून हे पाठ म्हणायचे आणि मी समोर वही धरून बसायचे. मुलगी बाहेर जायला आतून दार वाजवायची. चाळीस-पन्नास पानं भरल्यावर मला सुचेनासं झालं. मशीन चालवायचे, खडखड व्हायची, पण त्यावर काही येऊन बसायचं नाही. मी नुसते परकर शिवायचे. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "असं कसं? तुझ्या हातचंच काम आहे ते." मला ओरडावंसं वाटलं. पण आत्या ऐकत होत्या, मुलगी ऐकत होती, आणि भिंतीपलीकडे शेजारीही होतेच.

मी त्या वेळी ह्यांचाच राग करायचे. त्यांच्या बाजूनं काय चाललंय, ते मला दिसत नव्हतं. ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकटे बसायला लागले होते. कुणी काही लिहायला सांगेल म्हणून लोकांना टाळायचे. हे मला त्यांच्याबरोबरच्या एका कामगाराच्या बायकोनं फार नंतर सांगितलं.

पुढच्या जयंतीला आमच्याच वस्तीत, विहारासमोर, ह्यांचा सत्कार ठरला. शाल, नारळ, फोटो. तिथं काय बोलणार, ते ह्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. शाल अंगावर पडल्यावर त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मला एक सांगायचंय. ही गाणी माझी नाहीत. पहिल्यापासून एकही माझं नाही. सगळी हिची आहेत." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मग कुणीतरी "वा! वा!" म्हणालं आणि टाळ्या पडल्या. अध्यक्ष माईक ओढून घेत म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात मोठेपणा! आपलं श्रेय पत्नीला देणारा माणूस आपल्या वस्तीत आहे!" पुन्हा टाळ्या. हे म्हणत होते, "नाही, नाही, खरंच सांगतोय," आणि ते जितकं म्हणत होते तितकं लोकांना जास्तच हसू येत होतं. शेजारणीनं माझ्या हाताला चिमटा काढला. "काय नशीब काढलंस गं!"

तेवढ्यात तो ढोलकीवाला म्हणाला, "मग वहिनींनी म्हणावं की एक!"

चेष्टाच होती ती. पण माईक हातोहात माझ्यापर्यंत आला. वायर बायकांच्या डोक्यांवरून आली. हे स्टेजवरून माझ्याकडे बघत होते. म्हण, असं त्यांचे डोळे सांगत होते. मी माईक धरला. पाटीचं गाणं, जे त्या मांडवातल्या पोरासोरांनाही पाठ होतं, ते मला म्हणायचं होतं. "पाटी कोरी" एवढं म्हटलं आणि तो बारीक आवाज चार कर्ण्यांतून मोठा होऊन माझ्याच अंगावर आला. मी आयुष्यभर बंद खोलीत, टेपच्या पुढ्यात बसून गायले होते. पुढचा शब्द फुटेना. मी माईक शेजारणीच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. लोक प्रेमानं हसले. गाणी ह्यांचीच, याबद्दल आता कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "काय झालं?"

हे म्हणाले, "सांगितलं मी त्यांना."

"मग?"

"कुणी मानलं नाही."

आत्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या.

ह्यांनी घशाचं निमित्त करून पार्टी सोडली. दोनशे पानी वही मी पिंपामागच्या फळीवर ठेवली, ती ओल लागून फुगली. आमच्या दोघांमध्ये गाण्याचा विषय निघेनासा झाला. भांडण नव्हतं. कापडाचे गठ्ठे येत होते, जात होते, मुलगी शाळेत जात होती. कधीतरी एखादी ओळ यायची. मी ती कुणाला सांगायचे नाही, टेपलाही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही बदलापूरला राहायला गेलो. तिथल्या पहिल्या जयंतीला मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली आणि ट्रकवरच्या कर्ण्यातून माझं गाणं आलं. आवाज कुण्या अनोळखी बाईचा होता. हे चप्पल घालून खाली पळाले आणि कॅसेट कुठं मिळते ते विचारून आले. दुसऱ्या दिवशी घेऊनच आले. आठ गाणी होती, त्यातली तीन माझी. कव्हरवर ह्यांचं नाव नव्हतं. 'गीत : पारंपरिक' असं छापलं होतं.

ह्यांचा संताप झाला. "मी जाऊन भांडतो. असं कसं पारंपरिक?"

"जाऊन काय सांगणार?"

ते बसले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं.

मी कॅसेट लावली. माझ्या तीन गाण्यांत एक विहिरीचं होतं. त्याची पहिली ओळ मी अशी केली होती: *विहिरीला पायऱ्या होत्या, पायरीवर पहारा.* आणि दुसरी: *तहानेनं मागितला जाब, तेव्हा हटला पहारा.* पहारा, पहारा. तोच शब्द पुन्हा आला होता, ते मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. पण जयंती जवळ आली होती आणि दुसरं काही सापडलं नव्हतं. ती अनोळखी बाई मात्र म्हणत होती:

*तहानेनं मागितला जाब, पाणी झालं नगारा.*

मी टेप मागे नेऊन पुन्हा ऐकलं. हे विचारत होते, "काय गं, काय बदललंय?" मी त्यांना हातानं थांबा म्हटलं. माझ्या ओळीपेक्षा ती ओळ चांगली होती. मला जे तीन आठवड्यांत सापडलं नव्हतं, ते कुणाला तरी सापडलं होतं. ते कोण, कुठल्या गावचं, बाई की पुरुष, हे मी त्यानंतर जिथं जिथं ते गाणं ऐकलं तिथं तिथं विचारलं. मला ते आजवर कळलेलं नाही.